सरळ पाण्यावरचा दोर

४ मार्च

प्रिय नर्सबाई,

अजून झाली नाहीस, शिकतेयस, हे माहीत आहे. पण लिहायला बरं वाटतं.

आधी बातमी. कॉलेज सोडलं. काल ट्रंक डोक्यावर घेऊन तुझ्या आबांच्या होडीतूनच अलीकडे आलो. ते वल्ही मारता मारता ट्रंकेकडे बघत होते. आमच्या मास्तरांनी, म्हणजे वडिलांनी, दारातच विचारलं, "सुट्टी?" मी म्हटलं, "नाही, कायमचा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला आणि आत तोंड करून आईला म्हणाले, "एक ताट जास्त वाढत जा. कायमचं." तेव्हापासून बापलेकात एवढंच संभाषण.

आज विहिरीवर तुझी ताई भेटली. तिला दिवस गेलेत हे तू मला का कळवलं नाहीस? जुलैत आहे म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघून दोर ओढायला लागली. मागच्या वेळीही जुलैच होता. नदी भरलेली, होडी पालथी घातलेली, आणि तुझे भाऊजी तिला खाटेवर घेऊन काठावर उभे. तेव्हा निदान गावात म्हातारी सुईण तरी होती, तीही थकलेली. आता ती मुलाकडे राहायला गेली. मग या जुलैत काय करणार? मी हे ताईला विचारलं नाही. एवढी अक्कल मला आहे.

मी दिवसभर काठाने हिंडलो. आपलं गाव म्हणजे नदीच्या कोपरात ठेवलेली पुरचुंडी. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला डोंगर. बाजार, रस्ता, दवाखाना आणि तू, सगळं पलीकडे. गावासमोरच्या वाकणावर पाणी पलीकडच्या उंच काठावर जाऊन आदळतं, म्हणून तिकडच्या पायऱ्या दरवर्षी वाहून जातात. आबांची होडी उन्हाळ्यात राणी आणि पाणी चढलं की निवांत झोपलेली.

पण वरच्या अंगाला, दोन कातळांच्या मध्ये, नदी किती अरुंद आहे! मी दगड मारला तर पलीकडे पडतो. तिथे तारेचा दोर ताणायचा, होडी त्याला अडकवायची आणि भर पुरातसुद्धा माणूस पलीकडे न्यायचा. जुलैच्या आत. मी ठरवलंय. कोण नाही म्हणतो ते बघू.

हे सगळं तुझ्यासाठी. कॉलेजही तुझ्यासाठीच सोडलं.

तुझा
(तू म्हणशील तो)

---

११ मार्च

भडक्या,

तू म्हणालास म्हणून नाव मीच ठेवलं. हेच शोभतं.

कॉलेज माझ्या नावावर खपवू नकोस. तू गणितात दोनदा आपटलास आणि तिसऱ्यांदा आपटणार होतास, हे मास्तरांनी आबांना होडीत सांगितलं आणि आबांनी मला. माझ्यासाठी काही सोडायचं असेल तर तावातावाने बोलणं सोड.

ताईचं मी लिहिलं नाही, कारण तिनेच कुणाला सांगू नको म्हटलं होतं. गेल्या वेळी सगळ्या गावाला आधीच माहीत होतं. मग नंतर सगळ्या गावाने समजूत घालायला यावं, हे तिला पुन्हा नकोय.

त्या दिवशी मी या बाजूला होते. तुला हे माहीत नसेल. दवाखान्यातलं स्ट्रेचर घेऊन मी आणि एक सिस्टर पायऱ्यांच्या वर उभ्या होतो. समोर भाऊजी, खाट, आणि ताईवर कुणीतरी धरलेली हिरवी छत्री. मला छत्रीच्या काड्या मोजता आल्या असत्या, इतकी ती जवळ होती. दुपारी छत्री मिटली. बाळ गेल्याचं मला पलीकडून कुणी ओरडून सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती.

म्हणून तुझा दोर मला हवाय. हसत नाहीये मी. पण कातळात नको. नदी अरुंद दिसली म्हणून सोपी असं थोडंच आहे? सगळी नदी त्या फटीतून जायचं म्हणते, तेव्हा तिथे पाणी नुसतं धावत नाही, खाली ओढतं. मी आबांच्या होडीत वाढले, मला तरी शिकवू नकोस. वाकणाच्या वर आणि कातळाच्या खाली, जिथे नदी बराच वेळ सरळ चालते, ते बघ. आपल्याकडे सरळ पाणी म्हणतात ते. तिथे ओढ आहे पण भोवरा नाही.

आणि आबांशी नीट बोल. त्यांच्या नदीत ढवळाढवळ करणार आहेस.

नर्स (होणारच)

---

२९ मार्च

प्रिय नर्सबाई,

तुझं ऐकलं. म्हणजे आधी नाही ऐकलं. कातळापाशी जाऊन एक जाडजूड ओंडका पाण्यात सोडून बघितला. मार्चचं एवढंसं पाणी, तरी ओंडका आत गेला तो दिसेचना. बऱ्याच खाली वर आला, साल सोललेला. मी तिथून मुकाट्याने सरळ पाण्यावर आलो.

सरळ पाणी झक्कास आहे. आपल्या बाजूला काठापासून थोडं वर मोठं झाड, पलीकडे उंच खडक. गावातून तिथे जाताना मधलं शेत ठसक्याचं. ठसका म्हणजे तो सतत खोकणारा म्हातारा, विसरली नसशील. वाट मागितली तर म्हणाला, "माझ्या शेतातून कुत्रंसुद्धा विचारून जातं." मी म्हटलं, "मग मीही विचारतोच आहे ना." खोकून खोकून हसला. त्याची अट एवढीच की पहिल्या फेरीत त्याला बसवायचं.

आता युक्ती ऐक, मला झोप येत नाही इतकी ती भारी आहे. वल्ही नकोत, इंजिन नको. तारेवर कप्पी, कप्पीपासून दोन दोर, एक होडीच्या नाकाला आणि एक मागे. नाकाचा दोर आखडला की होडी पाण्याला तिरकी उभी राहते, आणि नदीच तिला ढकलत पलीकडे नेते. परत यायचं तर मागचा आखडायचा. जितकं पाणी जोरात, तितकी होडी लवकर. म्हणजे नदी आपल्यालाच राबते! हे मी कॉलेजात शिकलो नाही. कॉलेजच्या वाचनालयात, गणिताचा तास बुडवून, एका चित्रांच्या पुस्तकात बघितलं.

तारेचा दोर बंद पडलेल्या खाणीत मिळाला. गंजलाय वरून, आत ठणठणीत. खाणवाल्याचा पहारेकरी म्हणाला, घेऊन जा, साप तेवढे इथेच ठेवा. सुतारमामा आपली मासे धरायची छोटी होडी द्यायला तयार आहेत.

तुझ्या आबांशीही बोलणं झालं. चांगलं झालं.

तुझा भडक्या

---

६ एप्रिल

भडक्या,

"बोलणं झालं. चांगलं झालं."

ताईचं पत्र आलंय. तिच्या म्हणण्याप्रमाणे तू भर घाटावर, दुधाच्या कॅनवाल्यांसमोर, आबांना म्हणालास की "तुमची होडी सुकाळातली आहे, गरजेला झोपते." मग हातवारे करत मागे सरकलास आणि कमरेएवढ्या पाण्यात बसलास. आबांनीच वल्ह्याने तुला बाहेर ओढलं. आणि हे सगळं तू चार शब्दांत बसवलंस! नापास होणाऱ्या मुलाला सारांश चांगला जमतो.

मी दोन दिवस रागात होते. आता लिहिते, कारण तुला एक गोष्ट ठाऊक नाही, आणि ती ठाऊक नसताना तू आबांना भित्रे ठरवतोयस. तुला वाटतं ते तुझ्यामुळे, म्हणजे माझ्या-तुझ्यामुळे, दोराला विरोध करतात. तेवढा तू मोठा नाहीस रे.

आबांना एक धाकटा भाऊ होता. मी तेव्हा झाले नव्हते. दोघांनी एका वर्षी पुरात त्या धाकट्यालाच, म्हणजे माझ्या काकाला, होडीत बसवून, होडी दोराने काठाला बांधून, सोडत सोडत पलीकडे न्यायची ठरवली. दोर आबांनी बांधला होता. पक्का, सुटूच नये असा. वरून एक झाड वाहत आलं, मुळांसकट, आणि दोरावर बसलं. दोर तुटला असता तर होडी नुसती वाहून गेली असती. तुटला नाही. होडी जागच्या जागी खाली गेली. आबांना गाठ सोडवता आली नाही, सुरी घरी होती.

तेव्हापासून पाणी चढलं की आबा होडी पालथी घालतात, आणि कुणी काही म्हटलं तर गप्प बसतात. मागच्या जुलैत स्वतःच्या लेकीपुढेही गप्पच बसले होते. त्यांना सोपं गेलं असेल असं वाटतं तुला?

तेव्हा काही पक्कं बांधू नकोस. एका हाताने, एका झटक्यात, भरल्या ओढीत सुटेल असं कर. आणि आधी आबांकडे जा. माझं नाव घेऊ नकोस.

आणखी एक. तुझी पत्रं पोस्टाच्या पिशवीतून, पण आबांच्याच होडीतून येतात, हे तुझ्या लक्षात आलंय ना? परवा मला भेटले तेव्हा म्हणाले, "हल्ली पिशवी जड असते." मी म्हटलं, "हो का?" ते म्हणाले, "हो. एकाच गावची."

नर्स

---

२ मे

प्रिय,

(या वेळी नुसतंच प्रिय. चिडू नकोस.)

गेलो. आबा होडीला डांबर लावत होते. मी मनात मोठं माफीचं भाषण तयार केलं होतं, अगदी टाळ्या पडतील असं. ते म्हणाले, "तो डबा धर." डबा धरला. संध्याकाळपर्यंत धरला. भाषण तसंच राहिलं. उठताना मी एवढंच म्हटलं, "सुटणारी गाठ दाखवाल का?"

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "मी नाही दाखवणार. तू मार, मी ओढून बघतो." मी गाठ मारली. त्यांनी ओढली, सुटली नाही. "परत." परत मारली. सुटली, पण उशिरा. "मेलास." असा मी त्या आठवड्यात रोज घाटावर येऊन मेलो. दूधवाले विचारायचे, "आज कितवा?" शेवटी एका सकाळी गाठ अशी सुटली की आबा स्वतःच मागे पडता पडता राहिले. शाबास म्हणाले नाहीत. "दुसरा दोर," म्हणाले.

तार चढली. सगळं गाव आलं होतं, ठसका सगळ्यात पुढे खोकत. सुतारमामांच्या होडीतून पहिली फेरी झाली. नदी खरंच ढकलते गं! मी नाकाचा दोर आखडला, होडी क्षणभर रुसल्यासारखी थांबली आणि निघाली. ठसका पलीकडे उतरला, खडकावर बसला, म्हणाला, "बिडी पेटव." मी म्हटलं, तुमच्या खोकल्याला? तर म्हणतो, "आज चालतं."

ताईही एकदा बसली. मधोमध गेल्यावर डोळे मिटले. तरी बसली, आणि अलीकडे आल्यावर म्हणाली, "जुलैत मला आण इथपर्यंत. मी बसेन."

आबा आले नाहीत बघायला. त्यांची मोठी होडी मागितली तेव्हाही मान हलवली नाही. सुतारमामांची होडी छोटी आहे, पण ताई, भाऊजी आणि मी मावतो. बाकी मी बघतो.

तुझ्यावाचून काहीच होत नाही, हे लिहिलं तर चालेल का?

भडक्या

---

२० मे

भडक्या,

लिहून टाकलंस, आता परवानगी कसली विचारतोस.

डॉक्टरांशी बोलले. जुलैच्या सुरुवातीपासून एक खाट धरून ठेवतील. मी स्ट्रेचर घेऊन इकडच्या खडकापाशी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन बघणार. तुमची होडी निघताना दिसली की आम्ही खाली उतरू. खाली उतरायला पायऱ्या खणून घेतल्यात. मी आणि इथला वॉर्डबॉय, दोघांनी. माझ्या तळहातांना फोड आलेत. कुणाला सांगू नकोस, नर्सच्या हातांना शोभत नाहीत.

आबा आले होते औषधाला. जाताना म्हणाले, "पोरगं हट्टी आहे." मी विचारलं, "चांगलं की वाईट?" म्हणाले, "नदीवर बघू."

पाणी चढलं की पत्रं बंद. तेव्हा जे सांगायचंय ते आत्ताच: सांभाळून. बस, एवढंच. बाकीचं तू तुझ्या मनाने भर, तुला जमतं.

तुझी

---

८ जुलै, दवाखान्याचा व्हरांडा

प्रिय,

आता मी तुझ्या बाकावर बसलोय आणि तू माझ्या गावात. काय उलटापालट झाली बघ. आणि ताई कशी आहे, बाळ आहे की नाही, हे मला माहीत नाही. नदीचा आवाज एवढा आहे की पलीकडून कुणी ओरडलं तरी कळणार नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, लिहिल्यावाचून बसवत नाही. काल पहाटे ताईला कळा सुरू झाल्या, ठरल्याच्या बऱ्याच आधी. ठसक्याच्या शेतात गुडघाभर चिखल. आम्ही चौघांनी खाट उचलली आणि बांधापर्यंतही पोचलो नाही, दोघे घसरले. ताई म्हणाली, "खाली ठेवा. मला नाही जमणार." मी तिच्यावर ओरडलो, म्हटलं, जमेल, जमवायचंच. तिने माझा शर्ट धरला आणि म्हणाली, "अरे येड्या, मी कशाला जायला हवं? तिला आण!"

सगळा उन्हाळा मी, तू, डॉक्टर, सुतारमामा, सगळे ताईला पलीकडे न्यायचंच ठरवत होतो. एकालाही सुचलं नाही की माणूस उलट दिशेनेही येऊ शकतो! मी पळत सुटलो. रिकाम्या होडीतून आलो तेव्हा तू खडकावर स्ट्रेचरचं एक टोक धरून उभी होतीस. मी एवढंच म्हटलं, "स्ट्रेचर नको, तू चल." तू काहीही न विचारता पिशवी उचललीस. त्या क्षणाबद्दल मी कधीतरी वेगळं पत्र लिहीन.

मग तू मला चिठ्ठी देऊन परत पाठवलंस, औषधांच्या पेटीसाठी. ताई फार पांढरी पडली होती. मी मधोमध असताना झाड आलं. आधी मुळं दिसली, मग सगळं. मी सोडल्या दोन्ही गाठी, एका दमात. कप्पी तुमच्या बाजूला घसरत गेली आणि मी खाली. खूप खाली, दवाखान्याच्याच बाजूला, वीटभट्टीपाशी लागलो. सुतारमामांची होडी फुटली. मी नाही.

पेटी घेऊन खडकापाशी गेलो तर होडी नाही, कप्पी नाही, नुसती तार. पण हा काठ उंच आहे, तुमचा उतरता. मग तारेवरून काहीतरी खाली घसरलंच पाहिजे ना? टपरीवाल्याकडे बादलीची कडी मागितली. तो म्हणाला, "आणि कडीवाचून बादलीचं मी काय करू?" मी म्हटलं, "फुलझाड लाव." दिली बिचाऱ्याने.

पेटी गोधडीत गुंडाळली आहे, आणि हे पत्र आत खोचतोय. कडी तारेवर अडकवून सोडणार. खडकापाशी गेलो तेव्हा पलीकडे झाडाखाली एक म्हातारा उभा दिसला. आबाच असणार. मी दोन्ही हात हलवले, त्यांनी एक हलवला.

मग मी या काठावरून हलणार नाही. कसं येईन ते माहीत नाही, पण येणार.

भडक्या

---

१२ जुलै

भडक्या,

पेटी पोचली. सुसाट आली. झाडावर आपटून सगळ्याच बाटल्या गेल्या असत्या, म्हणून आबा मध्ये उभे राहिले आणि त्यांनी ती छातीवर झेलली. दोन बाटल्या फुटल्या, बाकीच्या धडधाकट. आबांच्या बरगड्यांवर एवढं काळं-निळं आहे. विचारलं तर म्हणतात, "पिशवी जड होती."

ताई वाचली. पेटी संध्याकाळपर्यंत आली नसती तर वाचली नसती, हे मी तुला नर्स म्हणून सांगते, तुला बरं वाटावं म्हणून नाही. मुलगी झाली. रडते अगदी तुझ्यासारखी, आधी मोठ्याने आणि मग कारण शोधते. भाऊजी तिला मांडीवर घेऊन बसलेत, कुणालाच देत नाहीत.

तुला आठवतं, ताई म्हणाली, मी कशाला जायला हवं? त्यावर मी तीन दिवस विचार करतेय. डॉक्टरांना सांग, शिक्षण संपलं की पाणी चढायच्या महिन्यांत मी याच बाजूला राहणार. ते नाही म्हणतील. तू तिथेच आहेस, तावातावाने बोल. इथे तुझा हा गुण उपयोगाचा आहे.

हे पत्र कोण घेऊन आलंय ते बघ. काल आबांनी मोठी होडी सरळ केली. कुणी सांगितलं नव्हतं. काठाकाठाने, दहा-बारा माणसांनी ओढत, ती वर सरळ पाण्यावर नेली. कप्पीला दोर त्यांनी स्वतः बांधले, आणि प्रत्येक गाठ तीन-तीनदा ओढून, सोडून पाहिली. मग एकटे त्या झाडाखाली बसले होते. मी चहा नेला तर म्हणाले, "धाकटा असता तर त्यालाही ही युक्ती आवडली असती." त्याचा विषय त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा काढला.

आता तू त्यांच्याबरोबर परत यायचंस. ते मधोमध आल्यावर तुला एक गोष्ट विचारतील. मधोमधच विचारणार, कारण तिथून तुला पळता येत नाही, असं ते म्हणाले. मला त्यांनी काल विचारलं आणि मी सांगून टाकलं. तुझं उत्तर एका शब्दाचं आहे. भाषण करू नकोस, दोर आबांच्या हातात असतील.

मी झाडाखाली उभी आहे.

तुझी